वीरभद्रासनातली चूक

मालनकाकू नौपाड्यातल्या योगवर्गात आल्या तेव्हा त्यांना धड वाकताही येत नव्हतं. शिकवणारी शिवानी पाठीला हात लावून वाकवायची, खांदे धरून सरळ करायची. हळूहळू गुडघे मोकळे झाले, गोळ्या थांबल्या, झोप लागू लागली. आज वीरभद्रासनात शिवानीने सगळ्यांना थांबवलं. “काकूंकडे बघा. गेलं वर्षभर यांना एकदाही हात लावावा लागला नाही.” “आता तुम्हीच क्लास काढा, काकू,” शेजारची म्हणाली. काकू हसल्या. वर्षभरात कुणाचाच हात अंगाला लागला नव्हता. घरी कोणी उरलंच नव्हतं. शिवानी दुसरीकडे वळताच काकूंनी मुद्दाम खांदे कानांपर्यंत चढवले. “अहो काकू, माझीच दृष्ट लागली की काय तुम्हाला?” वळून बघत शिवानी हसत त्यांच्या मागे आली. तिचे कोमट तळवे खांद्यांवर टेकले. “सैल सोडा. अजून सोडा.” काकूंनी डोळे मिटले आणि खांदे होते तसेच ताठ ठेवले.