आवडाबाईच्या पाटल्या

भीमाबाईने पदराआडून रुमालाची पुरचुंडी काढली, तशी आवडाबाईने आधी उठून दार लोटलं. कोळीवाड्यात भिंतींना दोन कान असतात, शेजारणीला चार.

पुरचुंडीत पाटल्या होत्या. आवडाबाईच्याच. तीन वर्षांपूर्वी तिने त्या कुणाला न सांगता भीमाबाईला दिल्या होत्या, पतपेढीत गहाण ठेवून तिच्या मुलीच्या नर्सिंगची फी भरायला.

"इतक्यात कशा सुटल्या गं? आजून दोन वर्सांचे हप्ते हायेत ना?"

"कंपनी बंद झाली. ह्यांच्या हिशेबाचे पैसे आले. काल सगळे एकदम भरून टाकले."

भीमाबाईचा नवरा बाबुराव एकटा कमावणारा, आणि त्या घरात आता पहिल्या तारखेला काही येणार नव्हतं.

"येड लागलंय तुला? मी मागितल्या व्हत्या? रिक्षा घेनार व्हता ना तो त्या पैशात?"

"उरलेल्यात जुनी येईल एखादी." भीमाबाईचा आवाज जराही चढला नाही. "हे बघ, पगार होता तोवर हप्त्याची काळजी नव्हती. आता पैसे घरात ठेवले की त्यांना पाय फुटणार. हप्ते थकणार, आणि पतपेढीवाले तुझ्या पाटल्या लिलावात काढणार. मग तुझ्याकडून मासे कुठल्या तोंडानं घेऊ मी?"

वर्तकनगरला भीमाबाईच्या दारात आवडाबाई माशांची टोपली उतरवायला लागल्यापासून ही बाई चार आण्यांसाठी तिच्याशी भांडत आलेली. आणि आज नवऱ्याच्या नोकरीचं मोल दुसरीच्या सोन्यापायी भरून आली होती. आवडाबाईला रडू आलं, ते तिने लपवलंही नाही.

डोळे पुसून तिने हातातल्या पाटल्या उतरवल्या. त्या पितळी होत्या, कल्याणच्या बाजारातून आणलेल्या. बर्फाच्या खाऱ्या पाण्याने दिवसभरात काळवंडायच्या, म्हणून रोज पहाटे नवरा उठायच्या आत ती त्या चिंचेने घासून लख्ख करायची. खऱ्या पाटल्या नवऱ्याच्या आईच्या. गुणाजीला कळलं तर तो घर डोक्यावर घेईल, या धाकात तिने तीन वर्षं काढली होती. नशीब, घरात चिंचेची बरणी कधी रिकामी पडली नाही. बाजार गुणाजीच करायचा.

जाताना तिने भीमाबाईच्या पिशवीत ओल्या बोंबलांचा वाटा टाकला.

"केवढ्याचा?" भीमाबाईने विचारलं.

"मुकाट घेऊन जा."

"फुकट नको. सांग भाव."

आवडाबाईने भाव सांगितला. भीमाबाईने तो आजही पाडून घेतला आणि मगच उंबरा ओलांडला.

पितळी पाटल्या तांदळाच्या डब्यात तळाशी गेल्या. सोन्याच्या हातात चढल्या. इतक्या दिवसांनी त्यांचा भार मनगटाला जाणवत होता, आणि तिला उगाच हसू येत होतं.

थोड्या वेळाने गुणाजी बाजारातून आला. तिने चहाचा कप पुढे केला. त्याने कप घेतला, तिच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि पिशवी तिच्याकडे सरकवली. तिने नेहमीप्रमाणे सामान काढलं. कांदे, बटाटे, मिरच्या, कोथिंबीर.

"अवो, चिंच इसरलात?"

"पानवाल्याच्या दुकानाशी भीमाबाय भेटली. लय खुशीत व्हती," गुणाजी बशीत चहा ओतत म्हणाला. "आता कालवनापुरतीच लागंल ना? हाय तेवढी पुरंल."