व्यायामाचं हसू

कालिंदीताईंचा पहिला विनोद संपला. क्लब चालवणाऱ्या अण्णांनी हात वर केला, तसे हास्यक्लबचे अठरा सभासद एका सुरात हसले आणि हात खाली येताच थांबले.

‘साठीनंतर नवं काहीतरी करा,’ असं शिबिरात ऐकून ताई विनोद सांगायला स्टेजवर चढल्या होत्या. हे हसू मात्र रोज बागेत हसतात तेच होतं. तब्येतीला उत्तम, विनोदाला बिनकामाचं. त्यांना एक तरी खरं हसू हवं होतं.

पाठ केलेलं सोडून त्या म्हणाल्या, “मी आठवड्यातून एकदा बाहेर जाऊन स्वतःच्याच दाराची बेल वाजवते. कुणी येत नाही, म्हटलं बिघडली की काय!”

अण्णांचा हात वर जाईना.

दुसऱ्या रांगेतून पारखीबाई म्हणाल्या, “अहो ताई, माझीपण चालू आहे. कालच वाजवून बघितली.” आणि डोळे पुसत एकट्याच हसत सुटल्या.