पाठीवरचा प्लग

कॅमेरा पुन्हा बंद पडला. नायिका जिना चढून वर पोचली होती, ठरल्याप्रमाणे मागे वळली होती, आणि खाली पडद्यावर चित्र बघत बसलेला दिग्दर्शक ओरडला, "कट, कट! अरे, इथे सगळा अंधार झालाय!"

दादा जिन्याच्या वळणाच्या जरा वर उभा होता. अंगात जाड पट्ट्यांचं जॅकेट, जॅकेटला स्प्रिंगचा हात, हाताच्या टोकाला कॅमेरा. हा सगळा डोलारा अंगावर घेऊन माणूस चालतो, पळतो, जिने चढतो, आणि चित्र मात्र तसूभर हलत नाही. दादाचं नाव याच एका कसबावर उभं होतं. सगळं युनिट त्याला दादा म्हणायचं, पण तो खरा दादा एकटीचाच होता. ती त्याच्या मागच्या पायरीवर उभी होती आणि बॅटऱ्यांचं सगळं काम तिच्याकडे होतं.

"काय गं हे?" तो धाकट्या बहिणीवर खेकसला.

"बघते," ती म्हणाली. सकाळपासून आल्यागेल्याला ती हेच सांगत होती.

कटकटीचं मूळ तो कॅमेरा होता. दादाची यंत्रणा जुनी, बारा व्होल्टची. भाड्याने आणलेला हा नवा कॅमेरा चोवीस मागणारा. बारावर तो डोळासुद्धा उघडत नाही. म्हणून बहिणीने दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडून चोवीस केले होते. कॅमेऱ्याखाली जागा नव्हती, तेव्हा त्या जॅकेटच्या पाठीवर बसवल्या आणि तिथे प्लग लावून वायर स्प्रिंगच्या हाताच्या कडेने कॅमेऱ्यापर्यंत नेली. खोलीतल्या प्रसंगाला कॅमेरा निमूट चालला. लांबलचक कॉरिडॉरमध्येही चालला. जिना आला आणि त्याची नाटकं सुरू झाली. वळण ओलांडलं की मेलाच.

बॅटऱ्या बदलून झाल्या. वायर बदलून झाली. मीटर लावावा तर आकडा चोवीसच्या वर, प्लग बघावा तर जागच्या जागी. "मग काय भुताटकी आहे?" दादा म्हणाला. लाइटवाले एरवी तिला कौतुकाने पॉवरहाऊस म्हणायचे. "आज पॉवरहाऊसच अंधारात," त्यांच्यातला एक म्हणाला आणि बाकीचे हसले. दादाला ते हसणं झोंबलं. पण राग निघाला तो तिच्यावरच.

कॅमेरा स्टँडवर चढवला की दादा पायरीवर बसायचा, आणि सगळ्यांची पाठ फिरली की हळूच पँटवरून गुडघा दाबायचा. आत पट्टा होता. घरून निघताना बाथरूमची कडी लावून त्याने तो चढवला होता. बहिणीने तरी विचारलंच होतं, "दादा, गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय? आणि युनिटमध्ये तोंड उघडलंस तर बघ."

त्याचंही चूक नव्हतं. अशा बातमीला लगेच पाय फुटतात, आणि मग फोन वाजायचे थांबतात.

दिग्दर्शक घाम पुसत वर आला. "संध्याकाळी इमारत रिकामी करून द्यायचीय. हा शेवटचा टेक." मग बहिणीकडे वळून म्हणाला, "आणि बाई, आता बंद पडला तर उद्यापासून बॅटरीवर दुसरं माणूस आणतो. मला हा खेळ परवडत नाही."

या कामासाठी तिने दुकानातली चांगली नोकरी सोडली होती. दादाला ते माहीत होतं. तरी तो तिच्या बाजूने एक शब्द बोलला नाही. त्याने जॅकेट काढलं, पालथं केलं, आणि पाठीवरच्या प्लगला कापडी टेपचे वेढ्यावर वेढे दिले.

"दादा, टेप नको," ती म्हणाली.

"का?"

"गरम होईल ना ते."

"होऊ दे. आता निघतो कसा बघतोच."

टेक सुरू झाला. नायिका पुढे, तिच्या मागे दादा, दादाच्या मागे बहीण. जिन्यावर ती नेहमी त्याच्या पाठीवर तळवा टेकवून चालायची. त्याला मागचं दिसत नसे, आणि चालणाऱ्या माणसाचा तोल तिला तळव्याला कळत असे. वळण आलं. वळण गेलं. चित्र चालूच होतं. खालून दिग्दर्शकाचा आवाज आला, "वा, दादा! सोडू नकोस!"

तेवढ्यात गुडघा थरथरायला लागला. कळ मांडीपर्यंत गेली. पायऱ्या थोड्याच उरल्या होत्या. दादाने दात आवळले.

पाठीवरचा तळवा निघाला. त्या जागी बोटं आली. ती टेपवर फिरत होती. टेप सुटला असेल, ती दाबून बसवतेय, असं त्याला वाटलं. पण बोटं दाबत नव्हती. नखांनी टेपची कड शोधत होती, मिळेना तशी ओरबाडत होती. मग कानाशी अगदी हळू आवाज आला, "दादा, थांब ना रे. पडशील."

दादा थांबला. नायिका एकटीच वर गेली.

"अरे, थांबलास का?" दिग्दर्शक खालून ओरडला. "चित्र येतंय की!"

"बॅटरी, साहेब!" बहीण मागून घाईघाईने म्हणाली. "मीच थांबवलं. माझंच चुकलं."

खाली कोणीतरी हसलं. दादाने एका हाताने कठडा धरला, आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "बॅटऱ्या ठणठणीत आहेत. गुडघा माझा गेलाय."