पांढरी सावली

"हात मिटवून टाक," वामनराव पाटील म्हणाले.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर नितेश उभा होता. गळ्यात मृदंग, कपाळी बुक्का आणि तोंडभर हसू. डाव्या खांद्यावर मात्र कोणाचा तरी हात होता. मनगटापासून पुढचा, तेवढाच. बाकीचा माणूस फोटोत नव्हता. पाटलांनी घरून फोटो आणतानाच त्या बाजूनं कात्री चालवली होती. हात तेवढा कापता आला नव्हता.

शाकीबचं बडनेऱ्यात फ्लेक्सचं दुकान. आसपासच्या गावांतल्या सप्ताहांचे बॅनर त्याच्याकडचेच. दुकानाची एक रीत होती. जिवंत माणसाच्या फोटोमागे काळी, मऊ सावली टाकायची. माणूस कसा बॅनरमधून उठून उभा राहतो. गेलेल्याला सावली द्यायची नाही. त्याच्या कडा पांढऱ्या धुक्यात विरवायच्या. गेल्या दोन-तीन वर्षांत सावलीपेक्षा धुक्याचंच काम वाढलं होतं. तेही तरण्या माणसांचं.

आता नितेशच्या वर्षश्राद्धाचं कीर्तन होतं. बॅनर पाटलांकडून. खाली 'शोकाकुल' म्हणून त्यांचाच फोटो, त्याला सावली देऊन झाली होती.

"हात असा मिटत नाही, पाटील," शाकीब म्हणाला. "फोटोत हाताखाली खांदा नसते. हात काढला का भोक पडते."

"मंग झाक कशानं तरी. पाहणारे म्हनतीन, मृदंगवाल्याले तिसरा हात कुठून फुटला!" पाटील स्वतःच हसले. डाव्या हातानं त्यांनी चहाचा कप उचलला. उजवा मघापासून सदऱ्याच्या खिशातच होता.

मागच्या बाकावरून नितेशची बायको बोलली. "हात राहू द्या, शाकीबभाऊ."

"काहून वो, सीमा?"

सीमानं पाटलांकडे पाहिलं नाही. ती शाकीबलाच सांगू लागली. "काल्याच्या दिवशीचा फोटो हाय हा. महाराजांनी गोपाळांच्या शिदोरीचं सांगितलं, सगळ्यायची एकात कालवली ते. सारा मंडप रडून राहिला होता. तवा त्या हातवाल्यानं उठून यायच्या खांद्यावर हात ठेवला. म्हने, माह्या विहिरीचं पाणी आजपासून तुह्या बागेले."

काल्याचं कीर्तन असंच. ऐकता ऐकता माणूस स्वतःपेक्षा मोठा होऊन बसतो. घरी जाईपर्यंत तरी.

"मंग? भेटलं पाणी?" शाकीबनं विचारलं.

"चैतापर्यंत. वैशाखात संत्र्याची झाडं वाळली. जेठात हे गेले."

"देवाच्या कामात जुनं कायले उकरतं बाई?" पाटलांनी कप ठेवला. "चाल शाकीब, आटप. मले बस पकडा लागते."

शाकीबनं सीमाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. बॅनर पाटलांचा होता.

त्यानं एक लंबगोल काढला. त्याला सावली दिली. सावलीचा रंग पांढरा केला, कडा मऊ करत नेल्या. मग सावली सुटी करून लंबगोल पुसून टाकला. मागे उरली ती कोणाचीच नसलेली एक पांढरी सावली. ती उचलून त्यानं हातावर ठेवली.

बोटं विरली. मनगट विरलं. त्यांच्यासोबत नितेशचा खांदाही गेला. मृदंगाचा पट्टा आता नुसत्या धुक्यातून लोंबत होता.

पाटील खुर्चीतून पुढे वाकले. "हे काय लाल लाल दिसून राहिलं अजून? हे पाह्य, इथं," म्हणत त्यांनी खिशातला हात काढला आणि पडद्यावर बोट टेकवलं.

धुक्याआड पोवळ्याची अंगठी होती. काचेवर टेकलेल्या बोटातही तीच.

शाकीबचा माऊस जागीच थांबला. पाटलांनी बोट मागे घेतलं, हात पुन्हा खिशात गेला.

सीमा उठली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"मिटवा, शाकीबभाऊ," ती म्हणाली. "विहिरीवरची मोटर बंद केली, तो हात तवाच उठला होता यायच्या खांद्यावरून."