याहून हलके

आईबाबा वेगळे झाल्यावर लेक आईकडे राहिली. "बाबा, तुझं घर चढावर आहे ना, सायकल जड जाते रे," ती दर रविवारी फोनवर सांगायची. मग त्याने सगळं दुकान पालथं घातलं आणि एकेक टायर हातात तोलून तिच्या माउंटन बाइकसाठी सर्वांत हलकी जोडी निवडली.

"हलका टायर लवकर झिजतो हं," मेकॅनिकने बजावलं.

पाचव्याच महिन्यात तो तिच्या घरून सायकल घेऊन पुन्हा दुकानात आला. मेकॅनिकने टायरवरून अंगठा फिरवला.

"नक्षी पार पुसली की! पोरगी गावभर हिंडते वाटतं."

बाबाच्या दारात ती सायकल एकदाही आली नव्हती.



"याहून हलके मिळतील का हो?" त्याने विचारलं.