चित्रावरचा दिवा

“डोळे उघडलेस की आधी ह्याच्याकडे बघायचं. मोबाइल नंतर.”

स्टुलावर उभं राहून भिंतीवरच्या चित्राची टेप सोडवताना शरयूताईंना स्वतःचाच आवाज आठवत होता. चैत्रात त्यांनीच ते पाटणकर बाजारातून आणलं होतं. गोरंपान, गुबगुबीत, हसरं बाळ. सुनेच्या पलंगासमोर लावलं तेव्हा तन्वी केवढी हसली होती.

“आई, किती गोरा हो हा! आपल्याकडचा वाटतच नाही. एकदम रबर का गुड्डा!”

“असू दे. आपण प्रसन्न बघावं. बाकीचं देव बघेल.”

सातवा महिना सरता सरता बाळ पोटातच गेलं. आज पुष्कर तन्वीला आणायला कंपू भागातल्या दवाखान्यात गेला होता. निघताना म्हणाला होता, “आई, ते चित्र काढून टाक. चादर-बिदर हलक्या रंगाची घाल. डॉक्टर म्हणाल्या, कमरे का माहौल बदलो.”

टेपबरोबर रंगाचे पोपडेही निघाले. चित्रामागची भिंत अजून नवी गुलाबी होती, भोवतालची उन्हानं विटलेली. त्या जागी काय लावावं? शरयूताईंनी देवीची तसबीर धरून पाहिली. मग डोंगर-नदीचं कॅलेंडर. दोन्ही परत नेली. चित्राच्या वर पुष्करनं हौसेनं बसवलेला छोटा दिवा होता, त्याच्यावरची धूळ सवयीनं पदरानं पुसली आणि त्या खाली उतरल्या. चित्र केरात टाकवेना. गुंडाळी करून देवघरामागच्या फडताळात ठेवलं.

तन्वी आली ती सरळ खोलीत जाऊन पलंगावर बसली. दूध आटावं म्हणून छातीला घट्ट पट्टा बांधला होता.

स्वयंपाकघरात पुष्कर आईजवळ आला. हळूच म्हणाला, “ती विचारेल तुला. काही सांगू नकोस. जितनी कम बात होगी, उतना अच्छा. विसरेल हळूहळू.”

“तिनं दवाखान्यातच विचारलं होतं. मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते.”

“ते तर वेळ निभवायला म्हणतोच ना आपण.”

शरयूताईंनी दुधाखालची आच कमी केली. बाळाचं तोंड घरच्यांपैकी फक्त त्यांनी पाहिलं होतं. तन्वी तेव्हा गुंगीत होती. पुरायला नेताना पुष्करनं बाळ हातात घेतलं, पण तोंडावरचं कापड बाजूला केलं नव्हतं.

तिन्हीसांज झाली. त्यांनी देवापुढे दिवा लावला. चातुर्मासाचा त्यांचा नेम होता, दिवेलागणीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत मौन. कितीतरी वर्षांचा नेम, कधी चुकला नव्हता. आज त्याचा आधारच वाटला. निदान तेवढा वेळ कोणाला उत्तर द्यायला नको.

दुधाचा पेला घेऊन त्या खोलीत गेल्या. पुष्कर दारात टेकून उभा होता. तन्वी भिंतीकडे बघत होती.

“भिंत किती मोठी दिसते हो, आई.”

एवढ्यात समोरचा दिवा आपोआप लागला. पिवळा मऊ उजेड त्या गुलाबी चौकोनावर पडला. पोपडे निघालेले चारही कोपरे स्पष्ट दिसले. मधे काहीच नव्हतं.

“अरे यार, टायमर!” पुष्कर बटणाकडे धावला. “मैं भूल ही गया. थांब, बंद करून देतो.”

“राहू दे.”

“तन्वी, अगं...”

“राहू दे ना, पुष्कर.”

तिनं सासूकडे पाहिलं. आवाज अगदी साधा होता, पाणी मागावं तसा.

“आई, तुम्ही म्हणाला होतात, घरी गेल्यावर. आले मी घरी. कसा होता तो?”

“आईचं मौन आहे आता,” पुष्कर घाईनं म्हणाला. “तुला माहीत आहे ना.”

“हो, खरंच.” तन्वीनं मान हलवली. “मग थांबते मी. जेवणं होईपर्यंत थांबते.”

आणि ती पुन्हा त्या उजेडाकडे बघू लागली. तिथं काही यायचं राहिलंय, अशी.

शरयूताईंच्या हातातला पेला तसाच होता. दुधावर साय धरली होती. देवघरातली घंटा मघाच वाजून गेली होती, उदबत्तीचा वास इथपर्यंत येत होता. त्यांनी पेला खाली ठेवला. देवघराच्या दिशेनं एकदा हात जोडले. मग पलंगावर तन्वीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसल्या आणि तिच्यासारखंच समोर पाहू लागल्या.

पुष्करचा हात बटणावरून खाली आला.

“गोरा नव्हता गं,” शरयूताई म्हणाल्या. “सावळा होता. आपल्याकडचा.”