पायापासून मोर

येवल्यात सासऱ्यांचा पैठणीवरचा मोर दुसऱ्या कुणालाच जमला नाही. ते गेले, त्यांचा जुना कॉम्प्युटरही भंगारात गेला. उरली फक्त मोराची फाईल. निकितानं लॅपटॉपवर त्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारं एम्युलेटर लावलं, चित्र काढायचं काम नव्या ग्राफिक्स कार्डाकडे सोपवलं आणि बटण दाबताच अख्खा मोर उभा राहिला.

"कार्ड बंद कर," मागावर बसलेला तिचा नवरा हर्षल म्हणाला. "बाबांच्या कॉम्प्युटरवर मोर पायापासून एकेक ओळ चढत जायचा. तसाच हळू दाखव."

"अरे, किती दिवस आठवणी काढत बसणार आहेस?"

हर्षलनं निळा धागा बोटाला गुंडाळला.

"आठवणी कसल्या? मला मोर बघायचा नाहीये गं, विणायचाय."